चावीआधी फाइल: ठाणे-नवी मुंबईत नव्यानं इस्टेट एजंट होणाऱ्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे कुणीतरी चौकशीला येतं. कधी ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी गेलेला मुलगा असतो, कधी मुलं मोठी झाली म्हणून आता काहीतरी करू म्हणणाऱ्या वहिनी, तर कधी बँकेतून निवृत्त झालेले काका. विचारणं एकच: "ताई, यात भांडवल तर लागत नाही ना?"

लागतं. गाळ्याच्या पागडीएवढं नाही, पण लागतं. ते नव्हतं म्हणून चांगली बोलणारी, चांगली पळणारी माणसं आठव्या-नवव्या महिन्यात पुन्हा बायोडेटा पाठवायला लागलेली मी पाहिली आहेत.

मी २०११ मध्ये घणसोलीत भाड्याची घरं दाखवायला सुरुवात केली. मग नेरूळ, आणि आता बरीच वर्षं ठाण्यात मानपाडा ते कासारवडवली हा पट्टा. जे सांगते आहे ते क्रमानं वाचा. नवखे लोक हमखास आठव्या पायरीवर, म्हणजे टॉवरमधले नवे फ्लॅट विकायला, आधी उडी मारतात.

पहिली पायरी: आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला

आपल्याकडचा रिवाज असा. भाड्याच्या व्यवहारात साधारण एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, भाडेकरूकडून एक आणि मालकाकडून एक. रीसेलमध्ये, म्हणजे जुन्या घराच्या विक्रीत, दोन्ही बाजूंनी एक ते दोन टक्के. नव्या प्रकल्पात गिऱ्हाईक काही देत नाही, बिल्डर टक्केवारी देतो. हे आकडे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. रिवाज आहे, आणि तो मोडायला समोरचा नेहमी तयार असतो.

आता खरा हिशोब बघा. २८,००० भाड्याचा वन बीएचके तुम्ही लावून दिला. भाडेकरू दुसऱ्या एजंटचा होता, म्हणजे साइड-बाय-साइड: त्याची पार्टी त्याला देणार, तुमची तुम्हाला. तुमचे २८,०००. मालक म्हणतो, "अहो, पंधरा दिवसांचं घ्या ना, पुढच्या वर्षी पण तुम्हालाच सांगणार आहे." हातात १४,०००. त्यातून पेट्रोल, पोर्टलचं पॅकेज आणि जी सात घरं दाखवून काहीच झालं नाही त्यांचा सगळा फिरण्याचा खर्च.

रीसेलला आकडा मोठा दिसतो. ८५ लाखांच्या फ्लॅटवर एका बाजूचा एक टक्का म्हणजे ८५,०००. पण टोकन म्हणजे बयाणा दिल्यापासून रजिस्ट्रेशनपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, कर्ज मंजूर व्हायचं असतं, मालकाचे कागद बँकेतून सुटायचे असतात. आणि ब्रोकरेज मिळतं शेवटच्या दिवशी.

यात हंगाम आहे तो वेगळाच. मे-जूनमध्ये शाळांमुळे भाड्याचे फोन ठेवायला उसंत नसते. पितृपक्षात फोन बिघडलाय की काय असं वाटतं. तेच लोक दसऱ्याला टोकन द्यायला येतात. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेचंही तसंच. पहिल्या वर्षी हे चक्र माहीत नसतं, म्हणून भाद्रपदात माणूस खचतो.

दुसरी पायरी: पट्टा लहान निवडा

"मी ठाणे, नवी मुंबई, कल्याण सगळीकडे काम करतो" असं कार्डावर छापणारा एजंट कुठल्याच गल्लीचा नसतो. नवी मुंबईत असाल तर एक नोड, म्हणजे नेरूळ-वाशीसारखा एक भाग घ्या, त्यातले चार सेक्टर घ्या. ठाण्यात असाल तर वाघबीळ नाक्याच्या दोन्ही बाजू, किंवा पाचपाखाडीतले चार रस्ते. पायी फिरता येईल एवढंच.

मग एक वही करा. मोबाइलमध्ये नको, वहीच. प्रत्येक इमारतीला एक पान: बांधकाम कोणत्या वर्षीचं, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आहे का, किती विंग, लिफ्ट किती आणि चालू किती, पाणी किती वाजता आणि टँकर येतो का, मेंटेनन्स किती, पार्किंग नावावर मिळतं की रांगेनं, सेक्रेटरी कोण, भाडेकरूंबाबत सोसायटीचे काय नियम. पाण्याचा रकाना कधीही मोकळा सोडू नका. नेरूळ-वाशीला महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खाडीपलीकडच्या किंवा घोडबंदरच्या नव्या इमारतीत मात्र मार्चनंतर काय होतं हे तिथल्या वॉचमनला विचारावं लागतं.

वॉचमन काका, इस्त्रीवाला, दूधवाला. घर रिकामं होणार हे मालकाच्या आधी यांना कळतं. त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार ठेवा, सौदा झाला तर त्यांचा वाटा न मागता द्या आणि दिवाळी विसरू नका. पोर्टलवर पडणारं घर तोवर दहा एजंटांकडे पोचलेलं असतं. वॉचमननं सांगितलेलं घर दोन दिवस तुमचं एकट्याचं असतं.

आणि तो रस्ता गिऱ्हाइकाच्या वेळेला बघा. रविवारी सकाळी अकरा वाजता कासारवडवलीहून ठाणे स्टेशन म्हणजे मजेत जाणारा रस्ता. सोमवारी साडेआठला मानपाडा-कापूरबावडी ओलांडताना जे होतं ते गिऱ्हाइकाला घर घेतल्यावर कळलं, तर तो तुमचं नाव चार जणांना सांगतो, आणि चांगल्या अर्थानं नाही. मी आता कामाच्या दिवशी एक फेरी मारायलाच सांगते. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गळतात. गळू देत.

तिसरी पायरी: नोंदणी

रेरा म्हणजे घरांच्या प्रकल्पांवर आणि त्यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा. तो २०१६ चा, आणि महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झालं. प्रकल्पातल्या घरांच्या विक्रीत मध्यस्थी करायची तर एजंटची महारेरा नोंदणी हवीच. तिच्याशिवाय काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. भाड्याच्या कामाला ही नोंदणी कायद्यानं लागत नाही, पण आज ना उद्या विक्रीत उतरणार असाल तर आधीच करून टाका.

२०२३ पासून त्याआधी एक पायरी वाढली आहे. मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग आयबीपीएस (बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) घेते ती ऑनलाइन परीक्षा द्यायची. पास झालात की सक्षमता प्रमाणपत्र मिळतं. पेपर मराठीतही देता येतो. घाबरण्यासारखं काही नाही, पण 'अनुभव आहे, वाचायची काय गरज' म्हणून गेलेले आमच्यातले दोन मुरलेले गडी पहिल्या फेरीत आपटले. नोंदणी पाच वर्षांची असते. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, भागीदारी किंवा कंपनी असेल तर एक लाख. एकट्यानं सुरू करताय तर व्यक्ती म्हणूनच करा, मित्राबरोबरची भागीदारी नंतर बघू.

ऑफिस थाटलं तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली, म्हणजे आपल्या भाषेत गुमास्ता, तेवढं उरकून घ्या. मोजकीच माणसं असली की ऑनलाइन सूचना दिली तरी भागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी, ब्रोकरेजवर १८ टक्के. पहिल्या वर्षी त्याची चिंता तुम्हाला पडणार नाही.

जाहिरातीत मात्र सावध राहा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड नसलेली जाहिरात व्हॉट्सअॅप स्टेटसलाही टाकू नका. बिल्डरच्या माणसानं पाठवलेलं चित्र तसंच पुढे ढकलायची सवय इथेच मोडायची.

चौथी पायरी: पहिलं वर्ष भाड्याचं

भाड्याच्या कामाला एजंट लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर शिकायला याहून चांगली शाळा नाही, कारण एका महिन्यात चाळीस माणसं भेटतात आणि चूक झाली तर ती काही हजारांची होते, काही लाखांची नाही. शिवाय आज भाडेकरू असलेलं जोडपं चार वर्षांनी घर घेतं. तुम्ही पहिल्या घरात गळणारा नळ मालकाच्या मागे लागून दुरुस्त करून दिलेला असेल, तर ते तुम्हालाच फोन करतात.

करार रजिस्टर करायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. "नोटरी करू, स्वस्तात होईल" म्हणणारे मालक भेटतील. त्यांना आकडा सांगा: ११ महिने, २८,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दरानं आठशे रुपयांच्या आसपास येतं, वर महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. घरी येऊन अंगठे घेणारी माणसं आहेत, त्यांची फी वेगळी. एवढ्यासाठी नोटरीवर कुठे विसंबता? भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणंही त्याच दिवशी उरका, ऑनलाइन होतं.

हेवी डिपॉझिटपासून चार हात लांब राहा. सात-आठ लाख घ्यायचे आणि भाडं नाममात्र, असे सौदे दिवा-कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत चालतात. मालक ते पैसे धंद्यात घालतो, वर्ष संपलं की त्याच्याकडे परत द्यायला नसतात, आणि भाडेकरू तुमच्या दारात येऊन बसतो. माझ्या दारात एक कुटुंब असंच दोन संध्याकाळ बसलं होतं. मी फक्त ओळख करून दिली होती. पण मोबदला घेतला होता ना, मग उत्तर देणं भागच होतं.

आता एक अवघड गोष्ट. मालक फोनवर सांगेल: बॅचलर नको, मांसाहारी नको, अमुक धर्माचे नको, एकटी बाई नको. सोसायटीचा 'ठराव' आहे म्हणेल. नव्या एजंटला वाटतं आपण फक्त निरोप पोचवतोय. पण तो निरोप ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला तुम्ही असता, मालक नसतो. एकदा एका मुलीनं मला विचारलं, "ताई, तुम्हाला हे सांगताना काहीच वाटत नाही का?" तेव्हापासून मी मालकाला आधीच विचारते की भाडं वेळेवर, कागद पक्के आणि घर नीट ठेवणारा माणूस आणला तर चालेल का. बरेच जण 'हो' म्हणतात, कारण खरी भीती भाडं थकायची असते. जे अडून बसतात त्यांची घरं मी घेत नाही. अशांना दुसरा एजंट मिळतोच, त्यामुळे जग बदललं असा माझा दावा नाही.

पाचवी पायरी: कागद

इथे मी लांबण लावणार आहे.

मालकानं चावी दिली की नवखा एजंट फोटो काढतो, जाहिरात टाकतो आणि रविवारी गिऱ्हाईक नेतो. उलटं करा. चावी घेण्याआधी फाइल मागा. मालक म्हणेल "पार्टी आली की दाखवतो". तेव्हा हसत सांगा की काका, पार्टी आल्यावर कागद कमी निघाला तर भाव तुमचाच पडतो.

काय बघायचं? आधी खरेदीची साखळी. पहिल्या मालकापासून आजच्यापर्यंत प्रत्येक नोंदणीकृत करार, त्याची सूची क्रमांक २ (नोंदणीचा सारांश असलेला उतारा), सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आजच्या मालकाचं नाव, सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कराची पावती, ओसी. सूची क्रमांक २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. अर्धा तास बसलात तर त्या फ्लॅटवर पूर्वी काय काय झालं ते दिसतं. कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. कोणते कागद बँकेकडे जमा आहेत त्याची यादी आणि कर्ज किती शिल्लक याचं पत्र मागून घ्या. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या तपासणीचा अहवाल, नंतर होतोच. हे त्याच्या आधीचं, आपल्या समाधानासाठी.

नेरूळमधली एक गोष्ट सांगते. मावशी सत्तरीच्या, घर यजमानांच्या नावावर, ते गेले होते. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून मावशींचं नाव चढलेलं. मी समजले, झालं, मालक मावशी. गिऱ्हाईक आणलं, टोकन झालं. बँकेच्या वकिलानं पहिल्याच दिवशी फाइल परत केली. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. दोन मुली होत्या, एक परदेशात. दोघींचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र आल्याशिवाय मावशींना एकट्यानं विकता येत नव्हतं. परदेशातल्या मुलीचं मुखत्यारपत्र येईपर्यंत पाच महिने गेले. गिऱ्हाइकाच्या कर्जाची मंजुरी तोवर संपली, भाड्याचं घर सोडायची तारीख उलटली. सौदा शेवटी झाला, पण त्या गिऱ्हाइकानं ब्रोकरेज निम्मंच दिलं आणि मला मागायला तोंड नव्हतं. "यजमानांनी मृत्युपत्र केलं होतं का, मुलं किती?" एवढे दोन प्रश्न पहिल्या चहाला विचारले असते तर?

नवी मुंबईत आणखी एक थर आहे तो सिडकोचा, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीचा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सरकारनं संपादन केलेल्या जमिनीवर तिनं नोड वसवले. तिथले भूखंड मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेले. म्हणून अनेक घरांच्या हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. जुन्या सिडको घरांत मधले दोन-तीन व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेले सापडतात. मूळ वाटपदार कुठे आहे हे कुणाला माहीत नसतं, आणि सिडकोच्या दप्तरी अजून तोच मालक. घर कितीही छान असो, ही साखळी जुळेपर्यंत हात लावू नका. शुल्क आणि नियम बदलत असतात, तेव्हा दर सौद्याआधी बेलापूरच्या सिडको भवनात जाऊन त्या दिवशीची स्थिती विचारा. तिथल्या कुठल्या खिडकीवर काय मिळतं हे ज्या एजंटला माहीत आहे त्याला लोक शोधत येतात.

साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवरच्या इमारती आणि गावठाणातली 'गरजेपोटी बांधलेली' (गावकऱ्यांनी परवानगीविना बांधलेली) घरं, या दोन गोष्टी एकच समजू नका. पहिल्या प्रकारात प्रकल्पग्रस्तांना सिडकोनं भूखंड दिलेला असतो, रीतसर परवानगी आणि ओसी असू शकते. दुसऱ्यात बहुधा ओसी नसते, व्यवहार नोटरीवर चालतो आणि मोठ्या बँका कर्ज देत नाहीत. शेजारच्या सेक्टरपेक्षा पंधरा-वीस लाखांनी घर स्वस्त का, याचं उत्तर त्यातच असतं. गरीब गिऱ्हाईक विचारतं, "ताई, सगळे राहतात की इथं." राहतात. पण विकताना त्याला तुमच्यासारखाच एजंट शोधावा लागणार, आणि तो मी नसणार.

रेरा क्रमांक आहे म्हणजे सगळं शुद्ध, असंही मानू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले. क्रमांक पाहून थांबू नका, बांधकाम परवानगी खरंच महापालिकेनं दिली आहे का ते नगररचना विभागाशी पडताळा.

सहावी पायरी: घर दाखवणं

हे सगळ्यांना येतं असं वाटतं, त्यामुळे थोडक्यात.

एका दिवसात तीनच घरं. चौथ्या घरात माणसाला पहिल्याची किचन आणि दुसऱ्याची बाल्कनी एकत्र आठवते. आधी स्वतः जाऊन खिडक्या उघडा, दिवे लावा, नळ सोडून बघा. बरोबर टेप ठेवा, कारण मालक बिल्टअप (भिंतींसकट) सांगतो, बिल्डर पूर्वी सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून) सांगायचा आणि कायद्यातला कार्पेट वेगळा: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. गिऱ्हाइकासमोर मोजलेला आकडा वाद मिटवतो. पावसाळ्यात घर दाखवायला मिळालं तर सोनंच. छताच्या कोपऱ्यातला ओलेपणा जूनमध्ये रंग लावूनही लपत नाही. दिसला तर तुम्हीच आधी दाखवा.

"मेट्रो येणार, विमानतळ येणार" हे वाक्य जपून वापरा. उलव्यात ते कितीतरी वर्षं ऐकवलं गेलं. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि विमानं डिसेंबरात उडाली. जे लोक "दोन वर्षांत येतंय" ऐकून घेऊन बसले त्यांनी मधली वर्षं हप्ते भरले, लोकलची वाट पाहिली. आज काय आहे ते दाखवा. उद्याचं सांगायचंच असेल तर 'सांगतात असं' म्हणून सांगा.

बायकांसाठी एक सूचना: अनोळखी पुरुष पार्टीला एकटीनं रिकाम्या घरात नेऊ नका. वॉचमनला सांगून वर जा, मुख्य दार उघडं ठेवा, घरच्यांना लोकेशन पाठवा. मी आजही असंच करते, यात लाजायचं काही नाही.

सातवी पायरी: टोकन ते रजिस्ट्रेशन

भाव ठरला की गिऱ्हाइकासमोर कागद घ्या आणि वरचा खर्च लिहून काढा. घर बघताना माणूस ८५ लाख डोक्यात धरून असतो. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५,९५,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सूट, ५,१०,०००. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती सूट मिळत नाही, हे रजिस्ट्रेशनच्या टेबलावर कळू देऊ नका. नोंदणी शुल्क ३०,०००. ब्रोकरेज ८५,०००. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम, ज्याची महापालिका हद्दीतली कमाल २५,००० आहे (त्याहून जास्त 'डोनेशन' मागतील, परिपत्रक दाखवा). झाले सव्वासात लाखांच्या वर, आणि यातल्या कशालाच बँक सहजी कर्ज देत नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला दर) यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं, तेही आधी काढून ठेवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्यानं खरेदीदारानं एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या पैशातून आयकर, कापून भरायचा असतो. मालकाला हे आधी सांगितलं नाही तर शेवटच्या चेकला "८५,००० कमी का?" म्हणून भांडण ठरलेलं. मालक अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचा दर आणि पद्धत सगळीच वेगळी, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

मालक रोख भाग मागेल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे सांगून झाल्यावरही दोघांना बाहेर काय करायचं ते करू दे म्हणून तुम्ही त्या खोलीत थांबू नका. पुढे कुणी फिरला तर साक्षीदार म्हणून तुमचंच नाव निघतं.

टोकन नेहमी चेकनं किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या खात्यात. तुमच्या खात्यात एक दिवससुद्धा नको. पावतीवर चार गोष्टी: पूर्ण किंमत, कराराची शेवटची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, आणि कोणती वस्तू घरात राहणार. एसीवरून मोडलेला सौदा मी पाहिला आहे. कपाटावरूनही.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसात सकाळची वेळ घ्या. मूळ आधार, पॅन, शुल्क भरल्याच्या चलनाची प्रत, दोन साक्षीदार, आणि पाण्याची बाटली. सर्व्हर बंद पडला तर संध्याकाळपर्यंत दोन्ही पार्ट्यांना एकमेकांपासून थोडं लांब बसवणं हे तुमचं काम. थांबून थांबून माणसं भाव पुन्हा काढतात.

आठवी पायरी: बिल्डरचे प्रकल्प

आता चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट विकून देणारे एजंट, व्हा. सेल्स ऑफिसात कॉफी मिळते, एसी असतो, एका फ्लॅटचा आकडा डोळे फिरवतो. १ कोटी १० लाखांवर अडीच टक्के म्हणजे २,७५,०००. आता वजाबाकी करा. गिऱ्हाईक म्हणतं, "मला दुसरा एजंट एक टक्का परत देतोय." हे पासबॅक. तुम्ही दिलं तर १,१०,००० गेले. गिऱ्हाईक आणणाऱ्या छोट्या एजंटला काही द्यायचं. टीडीएस कापला जातो. उरलेलं बिल कधी निघतं? गिऱ्हाइकानं ठरलेली टक्केवारी भरल्यावर, करार रजिस्टर झाल्यावर, त्यानंतर कंपनीच्या पद्धतीनं दोन-तीन महिन्यांनी. मी पासबॅक देत नाही. त्याऐवजी करार वाचून देते, कर्जाची फाइल लावून देते. काही जातात, काही थांबतात.

गिऱ्हाईक पाठवण्याआधी टॅगिंग करून घ्या, म्हणजे ते तुमच्या नावावर चढलं आहे याची सोर्सिंग मॅनेजरकडून (एजंटांशी व्यवहार बघणारा बिल्डरचा माणूस) लेखी खात्री, व्हॉट्सअॅपवर का होईना. नाहीतर "यांनी तर आधीच आमची जाहिरात क्लिक केली होती" हे ऐकून घरी यावं लागतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं तीन गोष्टी बघा. महारेराच्या संकेतस्थळावर ताबा देण्याची तारीख, मंजूर नकाशा आणि चालू खटले दिसतात. करार रजिस्टर करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के जीएसटी आहे, ओसी मिळाल्यावर विकलेल्या घरावर नाही. "बॉक्स प्राइस" म्हणून एकच गोळा आकडा सांगतात, तो फोडून मागा.

शेवटची: मोबदला मागणं

घर दाखवण्याआधी ब्रोकरेज बोला. नंतर बोललात की "अहो, तुम्ही फक्त दार उघडलंत" ऐकावं लागतं. मी आता पहिल्या फोननंतर एक मेसेज पाठवते: अमुक घर, अमुक तारखेला दाखवणार, ब्रोकरेज इतकं, देय रजिस्ट्रेशनच्या दिवशी. 'ओके' आलं की पुढे. घणसोलीत माझ्या पहिल्याच व्यवहारात मालक आणि भाडेकरू लिफ्टमध्ये एकमेकांचे नंबर घेऊन मोकळे झाले आणि मला महिनाभरानं वॉचमनकडून कळलं. तेव्हा असा मेसेज नव्हता.

बिल्डरकडचं बिल वेगळ्या पद्धतीनं मागायचं. बिलाच्या प्रतीवर पोच घ्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अकाउंट्सला मेल, पंधराव्या दिवशी फोन, आवाज न चढवता. एका प्रकल्पात मी दोन फ्लॅट दिले होते. बिल घातल्यापासून सोर्सिंग मॅनेजर तीन वेळा बदलला, प्रत्येकाला मी पहिल्यापासून फाइल समजावली. दरवाढ झाली, गिऱ्हाइकांना ताबा मिळाला, एकाच्या घराच्या वास्तुशांतीला मी जेवूनही आले. चेक चौदाव्या महिन्यात आला. त्यावरची तारीख मागच्या महिन्याची होती.